बिल्ल्याची तांबडी बाजू

दुपारची झोप काढून काशीराम शिवलकर ओटीवर आला, चष्मा लावून त्याने दाराजवळच्या फळीकडे पाहिलं, आणि चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावला. गंगाचा बिल्ला तांबडा होता. स्वयंपाकघरात स्टोव्हचा आवाज नव्हता. चहाची वेळ टळून चालली होती आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही गंगा या वेळेला कधी घराबाहेर पडल्याचं त्याला आठवत नव्हतं. अर्थात त्यातली बरीचशी वर्षं तो स्वतःच घरात नव्हता, त्यामुळे या बाबतीत त्याच्या आठवणीची साक्ष कुठल्या कोर्टाने धरली नसती. फळी फणसाची, त्याने स्वतः रंधून काढलेली. तिच्यावर चार खिळे आणि प्रत्येक खिळ्याला करवंटीचा एकेक गुळगुळीत बिल्ला, एका बाजूने पांढरा, दुसऱ्या बाजूने तांबडा. पांढरा म्हणजे माणूस घरात, तांबडा म्हणजे बाहेर. मुलाचा, म्हणजे भिवाचा, आणि सुनेचा असे दोन बिल्ले मुंबईचे. ते वर्षभर तांबडे असत आणि गणपतीपुरते पांढरे होत. त्यांची काळजी करायची नाही असं ठरलेलं होतं. उरले दोन. त्यातला एक पांढरा, तो त्याचा. म्हणजे तो स्वतः घरात होता, याबद्दल निदान शंका नव्हती.

ही पद्धत त्याच्या डोक्यातून निघालेली नव्हती. ती कंपनीची. कंपनी नॉर्वेकडची, तिच्याकडे जहाज एकच, आणि तेही एवढंसं, की पूर्वी रत्नागिरीला येणाऱ्या कोकण बोटीनेसुद्धा त्याच्याकडे कनवाळूपणे पाहिलं असतं. जहाजाचं नाव रत्नागिरीत, त्याच्या मांडवी भागात, कुणाच्या जिभेला वळलं नाही; सगळे त्याला बर्फाची बोट म्हणत. तिच्यावर उतारू थोडेच: अमेरिकेतले पेन्शनर, जर्मनीतले दातांचे डॉक्टर, आणि नवरा गेल्यावर प्रथमच मनासारखं काहीतरी करायला निघालेल्या म्हाताऱ्या. कंपनी त्यांना पृथ्वीच्या टोकाला नेई, रबरी होड्यांत बसवून बर्फावर उतरवी, पेंग्विन दाखवी आणि जेवायच्या वेळेला परत आणी. नाच नाही, जुगार नाही, संध्याकाळी भाषणं. यासाठी माणसं पैसे मोजतात हे काशीरामला पहिल्या वर्षी चमत्कारिक वाटलं होतं. रत्नागिरीत भाषणं फुकट असून माणसं येत नाहीत. डिसेंबरात जहाज दक्षिणेच्या टोकाला असे, कारण तेव्हा तिकडे उन्हाळा. जूनमध्ये उत्तरेच्या, कारण तेव्हा तिकडे उन्हाळा. आणि मधल्या सुटीत तो घरी येई तेव्हा इकडे वैशाख. बर्फाच्या कंपनीत त्याने उभं एक तप काढलं ते वर्षाला तीन उन्हाळे या हिशेबाने. हापूस आणि काशीराम बरोबरच येतात आणि बरोबरच संपतात, असं शेजारीपाजारी म्हणत. आपले शास्त्रज्ञ दक्षिणेच्या बर्फावर जाऊन झेंडा लावून आले तेव्हा मात्र गावाला त्याची आठवण झाली. शाळेत बोलावून त्याला नारळ दिला. एका मास्तरांनी विचारलं, थंडी किती असते? तो म्हणाला, सोसेल इतकी. मास्तरांची निराशा झाली.

जहाजावर त्याचं काम होतं शिडीच्या तोंडाशी, फळीजवळ. प्रत्येक उतारूच्या नंबराचा बिल्ला तिथे टांगलेला. होडीत उतरताना उतारूने आपला बिल्ला तांबडा करायचा, परत आल्यावर पांढरा. सगळी फळी पांढरी झाल्याशिवाय कप्तान नांगर उचलत नसे. आणि या सगळ्याच्या वरचा नियम एक: दुसऱ्याचा बिल्ला फिरवायचा नाही. ज्याचा त्याने. एकदा एक जर्मन बाई परत येऊन, बिल्ला न फिरवता, केबिनमध्ये जाऊन झोपली. फळीवर एक तांबडा ठिपका राहिला. तीन होड्या पुन्हा बेटावर गेल्या, शिट्ट्या फुंकल्या, पेंग्विनांची झोपमोड झाली, आणि बाई जांभई देत जेवणाच्या घंटेला वर आली. ती समोर उभी होती, हातापायांनी धडधाकट, चक्क डोक्याला रुमाल बांधलेली. तरीही काशीरामने तिचा बिल्ला फिरवला नाही. तिला हाताने खूण करून सांगितलं, बाई, फिरवा. तिने फिरवला तेव्हा ती परत आली. कप्तानाने त्याच्या पाठीवर थाप मारली होती. आयुष्यात मिळालेल्या थापांपैकी तेवढी एक त्याला अजून त्या जागी जाणवे, विशेषतः पावसाळ्यात.

घरी कायमचा आल्यावर रिकाम्या हातांना काहीतरी हवं म्हणून त्याने ही फळी केली. गंगाने पहिल्या दिवशी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे मी माझ्याच घरात हजेरी लावायची?" तो म्हणाला, हजेरी नव्हे, सुरक्षितता. दुसऱ्या दिवसापासून तिने इतक्या काटेकोरपणे बिल्ला फिरवायला सुरुवात केली की त्यालाच संशय आला. परसात कोथिंबीर खुडायला गेली, तांबडा. विहिरीवर गेली, तांबडा. एकदा मोरीत जाताना तिने बिल्ला फिरवला तेव्हा मात्र त्याला बोलावं लागलं. "गंगे, मोरीत जाणं म्हणजे किनाऱ्यावर उतरणं नव्हे." ती आतून म्हणाली, "आत पाय घसरला तर कुठल्या रंगात मोजाल?" याचं उत्तर कंपनीच्या नियमांत नव्हतं.

तो ओटीवरच्या बाकावर बसला. कंपनीची शिस्त अशी, की बिल्ला तांबडा असला तरी आधी जहाज शोधायचं. त्याने जहाज शोधलं. दोन खोल्या, माजघर, परस, विहिरीचं तोंड. विहिरीत त्याने जरा जास्त वेळ पाहिलं आणि पाण्यातून त्याच्याकडे एक घाबरलेला म्हातारा पाहू लागला तेव्हा तो मागे सरला. खाटेखालीही वाकून पाहिलं. तिथे आंब्याच्या रिकाम्या पेट्या होत्या. पाठ सरळ करताना त्याच्या लक्षात आलं, की छातीत काहीतरी ठोकतं आहे. हे ठोकणं त्याला ओळखीचं नव्हतं. फळीजवळ उभं राहून त्याने जन्मभर वाट पाहिली होती, धुक्यात, बर्फ पडत असताना, होड्या दिसेनाशा झालेल्या असताना. पण ती वाट पगारी होती. माणूस परत आला नाही तर कंपनीचं नुकसान, कप्तानाची काळजी, विमेवाल्यांची धावपळ. त्याचं काय जाणार होतं? त्याने पाहिलेल्या सगळ्या तांबड्या ठिपक्यांना नंबर होते. या ठिपक्याला पोह्यांवर खोबरं जास्त घालायची खोड होती.

आणि मग, बाकावर बसल्या बसल्या, त्याला ते जुनं संभाषण आठवलं, जे त्याने विनोदाच्या कप्प्यात टाकून दिलं होतं. निवृत्त होऊन आला त्या वैशाखातलं. ती आंब्याचा रस काढत होती, कोपरापर्यंत हात पिवळे. तिने विचारलं होतं, "बर्फावर पाय ठेवला की कसं वाटतं हो?" तो म्हणाला, ठाऊक नाही. "म्हणजे?" म्हणजे असं, की खलाशांना मोसमाच्या शेवटी एकदा उतरू देत, पण फळीवाल्याला नाही, सगळेच उतरले तर मोजायचं कुणी? तो शिडीच्या तोंडाशी. समोर हाकेवर बर्फ. बस. गंगाने कोय पिळणं थांबवलं. "म्हणजे तुम्ही दारातच उभे?" दारातच. "सगळी वर्षं?" सगळी. मग तिला हसू आलं, असं आलं की रसाच्या हाताने तिने कपाळ पुसलं आणि कपाळ पिवळं झालं, आणि हसता हसता ती म्हणाली, "मग माझ्यासारखंच की!" तोही हसला होता. चांगली कोटी केली म्हणून. आता ते वाक्य त्याच्या शेजारी बाकावर येऊन बसलं, आणि ते मुळीच कोटी करत नव्हतं. तिच्या दाराशी तर फळीही नव्हती. कुणाचा बिल्ला कुठल्या बाजूला आहे हे सांगायला वर्षातून चार पत्रं, आणि तीही पेंग्विनच्या तिकिटाची, आणि ते तिकीटही पोस्टमनच फाडून घेई, त्याच्या पुतण्यासाठी. कंपनीच्या पद्धतीने पाहिलं असतं तर या घराने एक तपभर नांगर उचललाच नसता. पण गंगाने उचलला होता. भिवाला शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं, कौलं शाकारली, सासऱ्याचं दुखणं काढलं. तांबडा बिल्ला तसाच ठेवून जहाज चालवलं होतं. हे नियमात बसत नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःची जरा लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ चहाची तीव्र इच्छा झाली.

त्याने कुडाच्या कुंपणावरून हाक मारली. "विमलावहिनी, आमची मंडळी आहे का तुमच्याकडे?"

शेजारची विमला वाळत घातलेल्या कपड्यांमधून डोकावली. "नाय हो. का? भांडलात काय?"

"नाही. बिल्ला तांबडा आहे."

"अगोबाई! म्हणजे आज मांडवी नांगर उचलत नाय म्हणायची!" आणि ती आत कुणाला तरी हे सांगायला गेली, हसण्याचे दोन वेगवेगळे आवाज आले. मग पुन्हा डोकं बाहेर. "दुपारी सखूबरोबर जाताना बघितली मी तिला. मिरकरवाड्याच्या अंगाला. पदर खोचलेला, आणि चालली होती अशी, जशी काय शाळेतून पळालेली पोर."

सखू मासळी विकायची आणि गंगाशी तिचं विशेष सख्य होतं. पण गंगा मिरकरवाड्याला कशाला जाईल? बंदर. मचवे. ओल्या पायऱ्या, शेवाळ. शिडीवरून होडीत उतरणाऱ्या म्हाताऱ्यांचे घसरणारे पाय त्याच्या डोळ्यांपुढून रांगेने गेले. त्यांना तो हात देत नसे, मनगटाच्या वर धरत असे, कारण हात सुटतो. गंगाला तिथे कोण धरणार? त्याने सदरा चढवला, छत्री घेतली आणि बाहेर पडताना सवयीने स्वतःचा बिल्ला तांबडा केला. मग थांबला. चारही बिल्ले तांबडे. आता ही फळी कोण बघणार होतं? जहाज रिकामं, आणि उतारू कोण नि फळीवाला कोण हे सांगणारं कुणी नाही. असं कधी घडलं नव्हतं. त्याला वाटलं आपण फार घाबरायला हवं, पण वाटलं ते थोडंसं उलटंच, सुटी लागल्यासारखं, आणि ते वाटणं दाबून टाकून तो काळजी करत झपाझप चालू लागला.

आश्विनातलं ऊन चहाच्या वेळेलाही डोक्यावर नुसतं बसलं होतं. रस्त्यावरचा बैल समोर आला तेव्हा तो बाजूला थांबला आणि बैलाला जाऊ दिलं. प्राण्याला आधी वाट, माणसाने अंतर राखून उभं राहायचं, हा कंपनीचा नियम त्याच्या पायांत मुरला होता. त्यापायी रत्नागिरीत त्याला कुठेही पोचायला उशीर होई. मिरकरवाडा जवळ आला तसा सुकटीचा वास आला, आणि कितीही काळजीत असला तरी त्याचं नाक खुश झालं. ध्रुवाला वास असतो हे कुठल्याच भूगोलाच्या पुस्तकात नसतं. पहिल्या वेळी जहाज पेंग्विनांच्या बेटाजवळ गेलं, वाऱ्याची झुळूक आली, तेव्हा सगळ्या उतारूंनी नाकाला रुमाल लावले होते आणि काशीराम शिडीच्या तोंडाशी डोळे पुसत उभा होता. हजारो पेंग्विन, त्यांनी खाल्लेली, आपल्या जवळ्यासारखी बारीक कोळंबी, आणि ऊन. इतक्या लांब येऊन, पृथ्वी संपते तिथे, त्याला मिरकरवाडा भेटला होता. आता मिरकरवाड्यात शिरताना त्याला त्याच वासात ते बेट दिसू लागलं, निळसर कड्यांसकट, आणि त्या कड्यांवर कुठेतरी पदर खोचलेली गंगा. अशी ती छान दिसत होती. सापडली तर पुरे, एवढंच त्याने मनात म्हटलं. चहा नको, पोहे नकोत.

बंदरावरच्या बाया टोपल्या उलट्या करून बसल्या होत्या. एकीने न विचारताच हात केला. "फॅक्टरीत हाय, तुमची. जावा, जावा."

बर्फाचा कारखाना म्हणजे एक उंच शेड, आणि तिच्या दाराशी चपला. दोन जोड. एक सखूचा, एक गंगाचा, अंगठ्याला तारेने टाका घातलेला. चपला पाहून तो छत्रीवर रेलला. दाराशी रावजी मुकादम बिडी ओढत उभा होता.

"या काशीरामशेट. घेऊन जावा बाबा एकदाची. दोन मचवे खोळंबलेत माजे बर्फासाठी, आनि ही बाय लादीवरनं उतरायला तयार नाय."

"लादीवरनं?"

"मना काय इचारता? सखू घेऊन आली. म्हनली, बघून जाईल अर्धी घटका. हितं अर्धा दिस झाला."

आत काळोख होता, आणि काळोखाला चांगलीच थंडी होती. अमोनियाने डोळ्यांत पाणी आलं. यंत्राची घरघर पायांतून वर चढत होती. डोळे सरावले तेव्हा दिसलं, की क्रेनने वर काढलेल्या लांब लांब पत्र्याच्या डब्यांतून निसटलेल्या बर्फाच्या लाद्या जमिनीवर ओळीने पडल्या आहेत, मध्ये पांढऱ्या, कडेला निळ्या, वाफाळणाऱ्या. आणि त्यातल्या एकीवर, नऊवारीचा ओचा वर खोचून, सखूच्या खांद्याला धरून, अनवाणी गंगा उभी आहे. एक पाय वर, एक खाली. मग खालचा वर, वरचा खाली. तोंडाने सारखं अगो बाई, अगो बाई. काशीरामने आयुष्यात बर्फावर उतरलेली इतकी माणसं पाहिली होती. इतकी आनंदी एकही नाही. आणि त्यांच्याकडे तर बूट होते.

तिने त्याला पाहिलं. त्याला वाटलं होतं ती वरमेल. ती ओरडली, "अहो, बर्फ भाजतो!"

"भाजतो?"

"तव्यासारखा! हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत!"

"मला ठाऊक नव्हतं," काशीराम म्हणाला. सांगताना त्याला बरं वाटलं.

"मना बी रोज इचारायची," सखू म्हणाली, "सखू, माशांवर टाकता तो बर्फ आनि ह्यांचा बर्फ येकच काय गं? म्हटलं, ये वयनी, तूच बघ. मी काय दक्षिन ध्रुवाला गेलेली नाय."

"मला सांगून आली असतीस," तो गंगाला म्हणाला. आवाज रागावलेला ठेवायचं त्याच्या मनात होतं, पण थंडीने तो कापू लागला होता. "मी विहिरीत बघून आलो."

गंगाचे दोन्ही पाय एकदम लादीवर टेकले आणि तिथेच राहिले. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. छत्री, उलटी बटणं लावलेला सदरा, घाम. "विहिरीत?" ती हळूच म्हणाली. मग तिला तळवे भाजल्याची आठवण झाली आणि ती पुन्हा उड्या मारू लागली. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आधी भाषण दिलं असतंत. कुठे उभं राहायचं, कुठे नाही. म्हटलं, एकदा आपलं आपण बघावं. बिल्ला फिरवून आले की नाही?"

"आलीस."

"मग?"

 बिल्ला अगदी नियमाप्रमाणे फिरवला होता. नियमांत इतकंच होतं, की माणूस बाहेर आहे. तो बाहेर मजेत आहे, हे दाखवायला तिसरा रंग लागला असता, आणि तो कंपनीला सुचला नव्हता.

"चपला काढा," गंगा म्हणाली.

"मी कशाला?"

"काढा म्हणते ना. सखू, सर गं."

त्याने दाराकडे पाहिलं. दारात उभं राहायला रावजी होता. काशीरामने छत्री भिंतीला लावली, चपला काढल्या, धोतर आवरलं. हात पुढे केला, तर गंगाने तो धरला नाही. मनगटाच्या वर, घट्ट पकडलं, तिला कुणी न शिकवता, आणि वर ओढून घेतलं. पाय टेकले. क्षणभर काहीच नाही. मग तळव्यांतून एक पांढरी कळ सरळ टाळूपर्यंत गेली आणि काशीराम शिवलकर, कंपनीचा माजी फळीवाला, शाळेने नारळ देऊन गौरवलेला, तोंडातून शिटीसारखा आवाज काढून नाचू लागला. गंगा त्याला धरून नाचत होती. सखू टोपलीवर थाप मारून ताल देत होती. मागून रावजीचा आवाज आला, "अवो, तो माशांना घालायचा हाय! कोन खाईल नंतर?" आणि मग तोही हसायला लागला, बिडीच्या धुराने ठसकत.

बाहेर पडताना रावजीने आकड्याने लादीचा एक मोठा कोपरा फोडून दिला, भुशात घोळून गोणपाटात गुंडाळून. मचव्यावाल्यांची तक्रार नको म्हणून लवकर जा म्हणाला. दोघांनी गोणपाटाची दोन टोकं धरली. घरी जाऊन कोकमाचं सरबत करायचं, विमलाला बोलवायचं, असा गंगाचा बेत. पण उन्हाला बेत माहीत नव्हता. दहा पावलांत गोणपाट गळू लागलं, मागे रस्त्यावर पाण्याची रेघ. "चला, चला," गंगा म्हणाली, आणि ती दोघं भर रस्त्यातून, गळतं गोणपाट मध्ये धरून, अर्धं चालत अर्धं धावत निघाली. बैल आडवा आला, काशीराम सवयीने थांबला, आणि गंगाने "हट्ट मेल्या!" म्हणून बैलालाच बाजूला केलं. ओळखीचा एक जण सायकलवरून उतरून विचारू लागला, काय झालं, कोण आजारी आहे काय, बर्फ कशाला? गंगा म्हणाली, "कोणी नाय, कोणी नाय," आणि हसू आवरेना म्हणून तिला थांबावं लागलं. तिथेच, समुद्राच्या कठड्यावर, दोघं टेकली. गोणपाट उघडलं. आत नारळाएवढा उरला होता.

"पोचत नाही हा घरी," काशीराम म्हणाला.

"नको पोचू दे."

तिने तो कठड्यावर आपटून फोडला. दोघांनी तुकडे घेतले, भुसा फुंकून उडवला आणि भर उन्हात येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत पोरांसारखे चोखत बसले. त्याचे तळवे अजून झिणझिणत होते. बर्फाला किंचित मिठाची, किंचित पत्र्याची चव होती. समोर समुद्र तापून पांढरा झाला होता. काहीतरी सांगावं असं त्याला वाटलं, निळ्या बर्फाबद्दल, कडे कोसळताना येणाऱ्या आवाजाबद्दल, आणि मग वाटलं की आज राहू दे. तुकडे संपत आले. शेवटचा एक राहिला, सुपारीएवढा. गंगाने त्याला विचारलंसुद्धा नाही. उचलला, तोंडात टाकला, एका गालात धरला आणि डोळे मिटून घेतले. चेहऱ्यावर ऊन, ओठांच्या कोपऱ्यातून पाण्याचा एक थेंब हनुवटीकडे निघालेला. ती फार लांब कुठेतरी गेली होती. काशीराम शेजारी बसून राहिला. घाई कसलीच नव्हती.